दरवर्षीचा शनिवार

आर्डिसने खिमा-राजम्याच्या चिलीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, पळीने चव घेतली आणि म्हणाली, "यंदा तिखट जरा सढळ पडलंय. डोळ्यांत पाणी आलं तर मला नावं ठेवू नकोस."

"माझ्या डोळ्यांचं मी बघेन," एल्डन म्हणाला.

मैदानाबाहेरच्या गवतावर दोघांच्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, सामन्याआधीच्या खाण्यासाठी मागची दारं उघडून. एल्डनच्या गाडीवर सँडहिल स्टेटचा लाल झेंडा, आर्डिसच्या गाडीवर सेंट वेंडेलिनचा हिरवा. दोन कॉलेजांमध्ये तासाभराचं अंतर आणि जन्माचं वैर. त्यांचा फुटबॉलचा, म्हणजे अंगावर धडका घेत खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, सामना वर्षातून एकदाच व्हायचा, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी. पूर्वी या जागेवर चौघं असायचे. आधी आर्डिसचा रॉय गेला, मग एल्डनची जॉइस. जागा मात्र दोघांनी सोडली नाही. ती चिली आणायची, तो दालचिनीचे रोल. आमच्या भागात चिलीबरोबर दालचिनीचा रोलच लागतो. बाहेरची माणसं नाकं मुरडतात, मुरडू देत.

एरवी वर्षभर दोघं एकमेकांना फोनसुद्धा करत नसत. कारण काय सांगणार? विधुराने उगाच विधवेच्या दारात जाऊन उभं राहावं, अशी रीत या गावांत नाही. सामना होता म्हणून भेट होती.

आणि आजचा सामना शेवटचा होता. एल्डनला हे कालपासून ठाऊक होतं, पण सांगायला तोंड उघडत नव्हतं.

सँडहिल स्टेट पुढच्या वर्षीपासून मोठ्या कॉलेजांच्या गटात खेळणार होतं. तिकडचे सामने देशभर टीव्हीवर दिसतात आणि टीव्हीचा पैसा गटातल्या सगळ्यांत वाटला जातो. त्या पैशावर कुस्ती, पोहणं, मुलींच्या शर्यती, असे बंद पडायला आलेले खेळ तगणार होते. एल्डन विश्वस्त मंडळावर होता. त्याने होकाराचा हात वर केला, पण अट घालून. सेंट वेंडेलिनशी सामना पुढची दहा वर्षं झालाच पाहिजे, आणि दर सामन्याला त्यांना घसघशीत रक्कम द्यायची. "म्हातारा हळवा झालाय," म्हणत मंडळी हसली, पण अट मान्य केली. हळवा तो झालाच होता. कोणापायी, ते त्याने मंडळाला सांगितलं नव्हतं.

सेंट वेंडेलिनचं उत्तर काल आलं. नको.

एल्डनने रोलचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"सकाळपासून काय चाललंय तुझं?" आर्डिसने विचारलं. "घरी गॅस चालू ठेवून आल्यासारखा बसलायस."

तो काही बोलणार एवढ्यात डॅरिल स्क्रॉगिन आला. तोही विश्वस्त. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. न विचारता त्याने वाडगा भरून घेतला.

"बाई, तुमच्या कॉलेजातल्या लोकांची डोकी ठिकाणावर आहेत ना?" तो म्हणाला. "आम्ही पैशांची थैली घेऊन दारात उभे, आणि तुम्ही म्हणता, पुन्हा सामना नको! एका मताच्या फरकाने पडला म्हणे ठराव. अहो, व्यायामशाळेचं गळकं छप्पर तरी झालं असतं."

एल्डनने मान खाली घातली. सांगायचं होतं ते असं सांगितलं जायला नको होतं.

आर्डिसने सेंट वेंडेलिनमध्ये हयातभर हिशेब शिकवले होते. निवृत्तीनंतरही तिला कसल्या ना कसल्या समितीवर बसवत. फुकट कॉफी मिळते म्हणून जाते, असं ती सांगायची.

"छप्पर गळतं खरं," ती शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही आता मोठे होणार. रेड्यासारखी पोरं आणून आमच्यावर सोडणार. आमच्या पोरांनी दरवर्षी हाडं मोडून घ्यायची आणि तुम्ही त्याचे पैसे मोजायचे. नसेल पटलं कोणाला."

"हाडं जुळतात हो. पैसा परत येत नाही."

"अजून एक रोल घ्या," आर्डिस म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की छान दिसता तुम्ही."

डॅरिल खो खो हसला आणि दोन रोल उचलून निघून गेला.

आत बँड वाजायला लागला. लोक फाटकाकडे चालू लागले, लाल एकीकडे, हिरवे दुसरीकडे. एल्डन खुर्चीतून उठला नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"छोटं कॉलेज आहे रे. शिंकलं तरी कळतं."

"कोण तो शहाणा, एकदा समोर येऊ दे माझ्या." एल्डनचा आवाज असा कधी चढत नसे. "त्या एका अटीसाठी मी मंडळात सगळ्यांचं हसं सोसलं. पैसे गेले खड्ड्यात. मला सामना हवा होता."

"एवढा? गेल्या वर्षी तर हरलात."

"टीमचं बोलत नाहीये मी." त्याने टोपी काढून हातात धरली. बोलताना त्याला तिच्याकडे बघवेना. "पुढच्या वर्षी हा शनिवार येईल आणि मी घरात बसून राहीन. तू इथून तासाभरावर असशील, आणि यायला मला निमित्त नसेल. तेवढं एकच निमित्त होतं माझ्याकडे, आर्डिस. तेही घालवलं त्या माणसाने."

आर्डिसने पळी खाली ठेवली. ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याच्या हातातली टोपी तिने काढून घेतली.

"पोरांच्या हाडांचं मी बैठकीत बोलले, ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण नकाराचं ते शेवटचं मत माझं होतं, एल्डन. सामना राहिला असता, तर तू आणखी दहा वर्षं नुसता सामन्यालाच आला असतास."