बोलकी रिंग

शालनने सासूच्या काखेत हात घालून तिला खाटेवरून उठवायला जोर लावला, तोच उशाशी ठेवलेला मोबाइल बोलला, "ओझं खाली ठेवा."

गर्भाशय खाली उतरतं म्हणून डॉक्टरांनी शालनला आत रिंग बसवली होती. पेलवेना इतकं वजन उचललं की रिंग मोबाइलला कळवायची.

गौराबाईंचा चेहरा पडला. शालन दमून खाटेच्या कडेला टेकली. "मनावर घेऊ नका आत्याबाई. यंत्राला माणूस कुठं कळतंय?"

"कळतंय की," म्हातारी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणात माझंबी अंग बाहेर आलं. पिशवी काढेपतोर फडकं बांधून उसाच्या मोळ्या उचलल्या. खाली ठेव म्हणून मला कुणी म्हटलं न्हाई."

शालनला हे आजवर ठाऊकच नव्हतं.

तिने बसल्या जागेवरूनच त्यांना पुन्हा उठवायला जोर लावला, तसा मोबाइल पुन्हा तेच बोलला. लेकानं अंगाला हात लावायचा नाही, असा गौराबाईंचा आजवरचा हट्ट होता. त्यांनी ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "तानाजी, आत ये. मला उचल."

शालन उठायला लागली, तशी त्यांनी तिचा हात धरून तिला बसवलं.