'विल'ची उदाहरणं

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत आम्हा दोघांकडे मिळून 'विल' हा एकच इंग्रजी शब्द होता. हे क्रियापद मुळात 'इच्छा असणे' या अर्थाचं, त्यातून पुढे ते भविष्यकाळ दाखवू लागलं, आणि माणसाच्या शेवटच्या इच्छेवरून मृत्युपत्रालाही तेच नाव पडलं, हे सगळं मी खपून शोधलं. शेजारच्या टेबलावरच्या गप्पिष्टाने फक्त उदाहरणं लिहिली. संपादकबाईंनी मात्र त्याचीच वाक्यं सगळ्यांना वाचून दाखवली.

"'म्हातारपणी मला सांभाळशील ना?' 'आधी भांडी घास, मग सांगते!' अहो, काय जिवंत लिहिता हो तुम्ही!"

माझा नुसता जळफळाट झाला. मधल्या सुट्टीत मी त्याला गाठलं.

"खरं सांग, कुठून ढापतोस ही वाक्यं?"

"ढापू कशाला? घरी जेवताना सगळे बडबडत असतात, तेच सकाळी येऊन उतरवतो. तूही ऐक की!"

त्या दिवशी मी घरी कान टवकारून जेवायला बसलो. समोर बायको होती, दोन्ही बाजूंना मुलगा आणि मुलगी.

 

 

सगळ्यांची जेवणं उरकली, ताटं उचलली गेली, आणि तोवर कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.