गळालेली आठवी ओळ

साईप्रियानं लॅपटॉप अप्पांच्या पुढ्यात सरकवला. "पोर्तुगालमधलं पोर्तो की नेदरलँड्समधलं आइंडहोवेन? तुम्हीच सांगा अप्पा. उद्या ऑफिसला कळवायचंय."

ती तमिळमध्ये बोलली. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. अप्पा, म्हणजे सीतारामराव, मराठीत बोलायचे आणि लेक तमिळमध्ये उत्तर द्यायची, हे तिच्या लहानपणापासूनचं. मराठीला मराठीत उत्तर देणारी त्यांची बायको अंबा होती. ती पंगुनी महिन्यात, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, गेली. आता घरात त्यांची मराठी समजणारी एवढी लेकच उरली होती.

पडद्यावर तक्ता होता. अप्पा चष्मा चढवून, बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. पगार आइंडहोवेनला जवळजवळ दुप्पट. काम तिथलंच तिच्या आवडीचं. थंडी पोर्तोला कमी. रस्ते पोर्तोला चढाचे, आइंडहोवेन सपाट. घरं दोन्हीकडे महाग.

"चिंच मिळते?"

"दोन्हीकडे मिळते. अप्पा, तुम्ही चिंचेवरून देश ठरवणार?"

"तुझी आई त्यावरच ठरवती."

साईप्रिया हसली. अप्पांचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"सातनंतर नऊ आलाय."

"काय?"

"आकडे बघ कडेचे. मधली एक ओळ गळालीय."

एकतीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात ताडपत्रांच्या पोथ्यांची पानं मोजली होती. पोथी वाचता आली नाही तरी गळालेलं पान त्यांना सापडायचं.

"काही नाही अप्पा. नको होती म्हणून लपवली."

"दाखव."

तिनं ओळ उघडली. 'अप्पा', तमिळ लिपीत लिहिलं होतं. पोर्तोखाली: आणता येईल. आइंडहोवेनखाली: नाही.

अप्पांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून नेसत्या वेष्टीच्या टोकाला पुसला.

"पोर्तोत चढ फार. माझे गुडघे कुठं चालणार तिथं? आइंडहोवेन सपाट आहे, आपल्या भातशेतासारखं. तिकडंच जा."

"सपाट असून तुम्हाला काय उपयोग? तिथं आईवडिलांना राहायचा परवाना देत नाहीत, तुम्हाला येताच येणार नाही!"

"मला वाचता येतं."

"मग?"

"मग काय? इथं सगळी गल्ली ओळखीची आहे. मला काय होतंय?"

गल्लीत मराठी बोलणारे आणखी कोण उरले, हे तिनं विचारलं नाही. ते तिला माहीत होतं. तिनं डोळे पुसले, आइंडहोवेनवर खूण केली आणि आठवी ओळ काढून टाकायला हात नेला.

अप्पांनी तिचं मनगट धरलं. "काढू नको. पोथीतलं पान हरवलं की आम्ही त्या जागी तेवढ्याच मापाचं कोरं पान घालायचो."

"कशाला?"

"पुढच्याला कळावं, इथं काहीतरी होतं."

साईप्रियानं अक्षरं तेवढी पुसली. ओळ राहू दिली.

"आता मोजा अप्पा," ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

अप्पा पहिल्या ओळीपासून मोजू लागले. आठवर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं.