ढोल्या, बाहेर!

ओहायोतल्या आमच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल (बॉल हातात घेऊन खेळायचा) संघात ओडेल म्हणजे भिंत. समोरचे बॉल घेऊन धावत घुसणार असं दिसलं की कोच ओरडायचे, "ढोल्या, आत!" लांब फेकणार असं वाटलं की लगेच, "ढोल्या, बाहेर! आता चपळ पोरं हवीत." मग तो धापा टाकत बाकावर येऊन बसायचा.

परवा म्हातारे कोच गेले. त्यांच्या बायकोने ओडेलला फोन केला, "पेटी जड आहे रे, खांदा द्यायला ये." साठीतला ओडेल आला, त्याने जड बाजू धरली. पेटी कबरीपाशी टेकवून आम्ही प्रार्थनेसाठी एकमेकांचे हात धरले. मी ओडेलकडे हात केला, तर शेजारी कुणीच नव्हतं.



कुणी 'बाहेर' म्हणायच्या आधीच तो फाटकाजवळच्या बाकावर जाऊन धापा टाकत बसला होता.