चित्राहुतीचा भात

रामघाटावरच्या ढुंढिराजशास्त्र्यांनी वजन उतरवायचा ध्यासच घेतला होता. ताटात भात उष्टा टाकला की प्रभावतीबाई संतापत. म्हणून जेवणाआधी देवांच्या नावाने ताटाशेजारी चार शितं ठेवायची, तिथे शास्त्री मूठमूठ भात ठेवू लागले.

"अहो, ही चित्राहुती की भंडारा?" बाई म्हणाल्या.

शास्त्री आचवून येईपर्यंत फरशी लख्ख असे. मांजर असेल, म्हणत ते खुशीत डिजिटल काट्यावर चढत. बावीस किलो उतरले, तरी समाधान होईना.

आज ते बसले, तर त्यांचा जुना पाट कुरकुरलाच नाही.

शेजारचा रिकामा पाट मात्र करकरला.

"भात वाढू?" बाईंनी विचारलं.

शास्त्र्यांनी ओठ घट्ट मिटून नकारार्थी मान हलवली.

"वाढ की," शेजारून त्यांचाच आवाज आला, "आणि तुपाला हात आखडू नकोस."