पांढरा गोंडा

"बंदुका चिंचेला टेकवा, मगच बसा. इथं तोंडानं भांडायचं!" गावप्रमुखांनी दरडावलं.

एका मुलाबरोबर पळून गेलेल्या पोरीचा निवाडा होता. देश स्वतंत्र होऊन, स्वतःचा झेंडा मिळून दोन वर्षं झाली होती, तरी बिनबंदुकीचा पुरुष गावात औषधालाही नव्हता. सगळ्यात शेवटी मुलाचा मामा आला, छावणीतला सैनिक. त्यानंही आपली बंदूक टेकवली.

अदुत पाणी घ्यायला चिंचेखालच्या घागरीपाशी गेली आणि थिजलीच. मामाच्या बंदुकीच्या पट्ट्याला पांढरा गोंडा होता. तिच्या थोरल्याच्या, मालेकच्या, लाडक्या बैलाच्या शेपटीचे केस, खाली दोन निळे मणी, एकाचा टवका उडालेला. तिनंच ओवले होते ते. गुरं पळवणाऱ्यांनी मालेकला मारलं तेव्हा त्याची बंदूकही गेली होती.

तो माणूस एकदा दिसू दे, असं तिनं दोन वर्षं रोज मागितलं होतं. आता दिसला, तर तिनं आधी मागं वळून पाहिलं.

मागं तिचा धाकटा, अगोक, बसला होता. पुरुष झाल्याची खूण म्हणून कपाळावर नुकत्याच कोरलेल्या रेघा अजून पुरत्या सुकल्या नव्हत्या. भावाचा मारेकरी सापडेल त्या दिवशी गोळी घालीन, अशी त्यानं शपथ घेतली होती. आणि हा गोंडा त्यानं कुठंही ओळखला असता.

अदुत घागरीवर वाकली. गोंड्याची गाठ सुटेना, मेली. शेवटी तिनं ती दातांनी तोडली.

निवाडा झाला, माणसं उठली. सैनिकानं बंदूक उचलली, पट्टा उलटसुलट केला. "माझा गोंडा कुणी काढला रे?"

"कसला गोंडा?" अगोकनं मान वळवली.

"अरे, शेळीनं खाल्ला असेल!" अदुत घाईनं म्हणाली. "त्या भवान्या काय सोडतात?"

लोक हसले. सैनिकही हसला. "शेळीनं खाल्ला म्हणे! बरं मावशी, येतो." तो गेला. तिनं डोळे पुसले.

"आई, रडतेस?"

"पोरीचं लग्न ठरलं ना, म्हणून."

वाटेत नाला लागला. पलीकडून अगोकनं हात दिला. "उजवा दे की, पडशील!"

तिनं डावाच दिला. उजवी मूठ घर येईपर्यंत तिनं उघडली नाही.