काठावरचं फडकं

पंख साच्यातून निघेना. धाकट्याने चारी बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, रबरी हातोडीने साच्याची पाठ बडवून काढली, फटीतून हवा मारून पाहिली. पण कार्बनच्या कापडाचा तो काळा पंख जो चिकटून बसला होता तो हलायचं नाव घेईना. शर्यतीच्या गाडीचा पंख. वेगात गाडीची शेपटी जमिनीवर दाबून धरायचं त्याचं काम. उद्या सकाळी गाडीचा मालक तो न्यायला येणार होता आणि परवा शर्यत होती.

चिकटायचं कारण एकच. साच्याला मेण लागलेलं नाही. कापड अंथरून त्यावर रेझिन, म्हणजे सुकून दगडासारखा होणारा चिकट रस, ओतायच्या आधी साचा मेणाने घासायचा, म्हणजे सुकलेला भाग अलगद सुटतो. हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण धाकट्याने काल फडकं पाहिलं होतं! धाकट्याने थिनरने साचा धुवायचा, दादाने मेण लावायचं, आणि लावून झालं की मेणाचं फडकं साच्याच्या काठावर टाकायचं, अशी दोघा भावांची पहिल्यापासूनची रीत. काठावर फडकं दिसलं की धाकट्याने कापड अंथरायला घ्यायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आजवर त्यात कधी घोळ झाला नव्हता.

त्याची नजर फळीवर गेली. मेणाचा डबा नवा कोरा होता. झाकणावरची पट्टी जशीच्या तशी, कुणी नखसुद्धा लावलेलं नव्हतं. जुना डबा तर आधीच्या कामालाच संपून कचऱ्यात गेला होता. म्हणजे दादाने काल मेण न लावताच फडकं टाकलं होतं.

दादा दाराशी स्टुलावर बसून घासकागदाचे तुकडे करत होता. गेले काही महिने त्याचं असंच चाललं होतं. चहा पिऊन झाल्यावर चहा कुठाय म्हणून विचारायचा, चष्मा कपाळावर असताना चष्म्यासाठी घर डोक्यावर घ्यायचा. वहिनी हसण्यावारी न्यायची. पण एकदा दादा स्वतःहून म्हणाला होता, "ज्या दिवशी माझ्या हातून माल बिघडेल ना, त्या दिवसापासून मी घरी. कुणाला सांगायची वेळ येऊ देणार नाही." दादा बोलला म्हणजे बोलला. आणि घरी बसला की तो संपलाच, हे धाकट्याला कळत होतं. वहिनीलाही.

"निघाला का रे?" दादाने विचारलं.

धाकट्याने त्याच्याकडे पाठ केली, नखाने डब्याची पट्टी फाडली, दोन बोटं मेण उकरलं आणि आपल्याच पँटला पुसून टाकलं. मग वळून म्हणाला, "दादा, माती खाल्ली मी."

त्याने सगळं सांगितलं. म्हणजे सगळं खोटं सांगितलं. मेण लागलं होतं, फडकंही काठावर होतं. पण साच्यावर धूळ दिसली म्हणून आपण पुन्हा थिनर फिरवला, आणि मेण परत लावायचं डोक्यातून पार गेलं.

दादा उठला. वाकून पंखाच्या कडेकडेने त्याने बोट फिरवलं. आणि मग त्याचं जे तोंड सुटलं! धूळ दिसली तर कोरड्या कापडाने झटकता येत नव्हती? मेणावर थिनर? इतकी वर्षं इथे काय हजामत केली? धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. कितीतरी दिवसांनी दादाला एकही शब्द शोधावा लागत नव्हता, आणि धाकट्याला त्या शिव्या गोड लागत होत्या.

मग दादा पुन्हा साच्याकडे वळला. आता एक तर पंख फोडायचा, नाहीतर साचा. पंख फोडला तर त्या माणसाची शर्यत बुडाली. साचा फोडला तर तो पुन्हा होणे नाही. त्याचा आकार दादाने हाताने काढला होता. गाडीवर लोकरीचे धागे चिकटवायचे, दुसऱ्या गाडीतून मागोमाग जायचं, वारा धागे कुठे कसे उडवतो ते बघायचं, परत येऊन घासायचं, भरायचं, पुन्हा घासायचं. तसा साचा आता दादाच्याने होणार नव्हता. धाकट्याच्याने तर नाहीच.

"साचा काप," दादा म्हणाला.

"दादा, त्याला सांगून बघू ना. पुढच्या शर्यतीला..."

"चूक तुझी. त्याने का भोगायची?"

धाकट्याने ग्राइंडर उचलला. पांढरी धूळ उडू लागली. दादा शेजारी उभा राहून कुठे किती खोल जायचं ते सांगत होता, आणि एकदाही चुकला नाही. साच्याचे तुकडे पडत गेले. शेवटी पंख सुटला. जागोजागी खरबरीत झाला होता, पण घासून चकाकी दिली की चालण्यासारखा. दादाने तो हातात तोलून पाहिला आणि टेबलावर ठेवला. तुकड्यांकडे त्याने बघितलं नाही. धाकटा धुळीच्या नावावर खोकून घेत राहिला.

जमीन झाडून झाली. पंख घासून झाला. दोघांचा चहाही झाला. मग दुसऱ्या एका गाडीच्या बंपरखालच्या पट्टीचा साचा टेबलावर आला. धाकट्याने तो धुतला आणि कापड कापायला बसला. जरा वेळाने दादा साच्यापाशी गेला, फडकं उचललं, काठावर नीट पसरून टाकलं आणि चहा सांगायला म्हणून बाहेर निघाला.

"परत पुसलास तर बघ," जाता जाता तो म्हणाला.

"नाही पुसत, दादा."

दार लागल्यावर धाकट्याने साच्यावरून बोट फिरवलं. कोरडं होतं. त्याने डबा काढला, कानाकोपऱ्यापर्यंत मेण लावलं, साचा चमकेपर्यंत घासला, आणि फडकं पुन्हा काठावर टाकलं, दादाने टाकलं होतं अगदी तसंच.